पडद्यावर काय असावे? : ऑनलाइन सादरीकरण साधने आणि धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापन

प्रस्तावना

अध्यापनात कोणती साधने वापरावीत हा शिक्षणशास्त्रातील जुना प्रश्न आहे. खडू-फळा, भिंतीवरचा नकाशा, तक्ते, ओव्हरहेड प्रोजेक्टर अशा टप्प्यांनी महाविद्यालयीन वर्ग संगणकीय सादरीकरणापर्यंत येऊन पोहोचला. गूगलने आपले सादरीकरणाचे साधन २००७ साली इंटरनेटवर खुले केले. २००९ मध्ये हंगेरीतील बुडापेस्ट येथून प्रेझी आले आणि २०१३ मध्ये कॅनव्हा आले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ज्या अध्यापकांनी तोवर प्रोजेक्टरला हातही लावला नव्हता, त्यांनाही ही साधने शिकणे भाग पडले. पुढे वर्ग पूर्ववत भरू लागले, परंतु साधने वर्गात राहिली.

या विषयावर महाविद्यालयीन नियतकालिकांतून पुष्कळ लेखन होत असते. त्याचा घाट बहुधा ठरलेला असतो. माहिती तंत्रज्ञानाच्या युगाचा उल्लेख, फायदे, तोटे, पन्नास-शंभर विद्यार्थ्यांची प्रश्नावली आणि विद्यार्थ्यांना सादरीकरण आवडते असा निष्कर्ष. विद्यार्थ्यांना ते आवडते हे खरेच आहे. मात्र आवडणे आणि उमगणे यांत अंतर असते, आणि साधन वापरले की नाही या प्रश्नापेक्षा त्या साधनाने पडद्यावर काय आणले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न विचारात घेतला आहे. लेखकाची भूमिका आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल : पडद्यावर पुरावा असावा, निष्कर्ष वर्गात घडावा आणि विद्यार्थ्याच्या वहीत त्याच्या हाताने उतरावा. आज अनेक वर्गांत नेमके याच्या उलट घडते आणि त्याचा दोष केवळ साधनाचा नाही.

मुद्द्यांची भाषा

पॉवरपॉइंट हे १९८७ साली फोरथॉट नावाच्या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. त्याचा जन्म व्यावसायिक बैठकीसाठी झाला होता. वरिष्ठांपुढे थोड्या वेळात प्रस्ताव मांडायचा, त्याला मान्यता मिळवायची, हे त्याचे मूळ प्रयोजन. वर एक मथळा, खाली ठिपके देऊन चार-पाच अपुरी वाक्ये हा साचा त्या प्रयोजनातून आला. पुढे आलेल्या बहुतेक ऑनलाइन साधनांनी रंग बदलले, चित्रे वाढविली, पाने उलटण्याऐवजी प्रेझीसारखा मोठ्या पटावर आत-बाहेर जाण्याचा प्रकार आणला. तरी मथळा आणि मुद्दे ही मूळ सवय सुटली नाही.

या सवयीवर सर्वांत कठोर टीका एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकाने २००३ साली केली. मुद्द्यांची भाषा कार्यकारणभाव लपविते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. 'दुष्काळ', 'स्थलांतर', 'शिक्षणातील गळती' हे तीन शब्द एकाखाली एक लिहिले म्हणजे त्यांच्यातील संबंध सांगितला असे होत नाही. पहिल्यामुळे दुसरे होते की दुसऱ्यामुळे तिसरे, किती प्रमाणात, कोणत्या वर्षी, याची जबाबदारी वाक्यावर असते आणि ठिपका ती जबाबदारी टाळतो. व्याकरणात क्रियापद लागते ते यासाठीच.

टफ्टी यांनी दिलेले उदाहरण सुप्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या मार्गावर नष्ट झाले आणि आपल्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. त्याचा धोका किती, हे यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी स्लाइडद्वारे वरिष्ठांपुढे मांडले. स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. आदळलेल्या तुकड्याचे आकारमान १,९२० घनइंच आणि ज्या चाचणीच्या आधारे अंदाज बांधला त्यातील तुकड्याचे अवघे ३ घनइंच, म्हणजे सहाशे चाळीस पटींची तफावत, ही बाब अगदी तळाच्या ओळीत, सर्वांत दुय्यम ठिपक्यापुढे होती. अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. अपघात स्लाइडमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु महत्त्वाचे काय आणि किरकोळ काय हे ठरविण्याचे काम साच्यावर सोपविले की काय होऊ शकते, हे त्यावरून कळते.

गाइडचा नवा अवतार

आपल्याकडे मुद्द्यांच्या भाषेला आणखी एक आधार सापडला आहे, तो म्हणजे परीक्षेची तयारी. 'वैशिष्ट्ये सांगा', 'कारणे लिहा', 'परिणाम स्पष्ट करा' या धर्तीच्या प्रश्नांची उत्तरे मुद्द्यांतच लिहावयाची असतात आणि ती बाजारातील गाइडांत तयार मिळतात. स्लाइडवरील पाच मुद्दे आणि गाइडमधील पाच मुद्दे शेजारी ठेवले तर पुष्कळदा फरक आढळत नाही. पूर्वी गाइड विद्यार्थ्याच्या पिशवीत असे आणि अध्यापक त्याविरुद्ध बोलत असत. आता ते प्रोजेक्टरच्या उजेडात अधिकृतपणे वर्गात आले आहे आणि अध्यापक ते वाचून दाखवीत आहेत.

संस्थात्मक पातळीवरही या प्रकाराला अप्रत्यक्ष प्रोत्साहन मिळते. नॅकच्या २०१७ साली लागू झालेल्या मूल्यांकन चौकटीत माहिती-तंत्रज्ञान साधनांच्या अध्यापनातील उपयोगाला स्वतंत्र निर्देशांक देण्यात आला. हेतू रास्त होता. पण महाविद्यालयांच्या दप्तरात त्याचे रूपांतर सादरीकरणांची संख्या, दुव्यांची यादी आणि स्थळ-वेळेची नोंद असलेली छायाचित्रे यांत झाले. अशा छायाचित्रांत पडदा ठळक दिसतो; पडद्यावर काय लिहिले आहे ते सहसा वाचता येत नाही.

मुद्द्यांच्या बाजूने जे म्हटले जाते तेही विचारात घेतले पाहिजे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा या आठही तालुक्यांतील महाविद्यालयांत मोठ्या संख्येने विद्यार्थी ग्रामीण भागातून येतात. कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच पिढी असते. एस.टी. चुकली, शेतात काम निघाले, ऊसतोडीच्या हंगामात घरच्या जबाबदाऱ्या अंगावर आल्या की तास बुडतात. नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांत ज्याचा समावेश केला त्या जिल्ह्यात हे वास्तव नाकारून चालणार नाही. तास बुडालेल्या मुलीला हाताशी काहीतरी लेखी हवे असते आणि दुव्यावर मिळणारे मुद्दे तिला उपयोगी वाटतात. ही गरज शंभर टक्के खरी आहे. तथापि तिचे उत्तर स्लाइड हे नव्हे. वर्गात न आलेल्या मुलीला पाच अपुरी वाक्ये सर्वांत कमी उपयोगाची असतात, कारण त्यांच्यामधले सारे बोलणे तिने ऐकलेलेच नसते. तिला हवे असते पूर्ण वाक्यांत लिहिलेले दोन पानी टिपण. दाखविण्याची वस्तू आणि वाचण्याची वस्तू या दोन वेगळ्या आहेत. एकाच फाइलने दोन्ही कामे भागविण्याच्या मोहात दोन्ही बिघडतात.

तेर : पुराव्याचा एक पाठ

पुरावा पडद्यावर आणणे म्हणजे काय, हे जिल्ह्यातीलच उदाहरणाने पाहू. तेर हे गाव इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते : प्राचीन तगर, सातवाहनकालीन व्यापारी केंद्र, रोमशी संबंध. नेहमीच्या सादरीकरणात हीच ओळ चार मुद्द्यांत फोडलेली असते. विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि विषय संपतो. ज्यांचे गाव तेरपासून दहा-वीस किलोमीटरवर आहे त्यांनाही तगर हे तेर कशावरून, हा प्रश्न पडत नाही, कारण उत्तर आधीच पडद्यावर असते.

आता दुसऱ्या रीतीने विचार करू. पहिल्या स्लाइडवर मथळा नाही, फक्त नकाशा आहे. त्यावर पैठण, भडोच, जुन्नर, दौलताबाद, धारूर आणि तेर ही सहा ठिकाणे आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथून कापड व मलमल गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या मुलुखातून, भडोचला नेतात अशा अर्थाची माहिती आहे. एवढे अध्यापकांनी तोंडी सांगावे आणि विचारावे, यांपैकी तगर कोणते? एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न खरोखरच खुला होता. विल्फर्ड यांनी देवगिरीकडे बोट दाखविले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नरचे नाव घेतले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धारूर सुचविले. कोकणात व कोल्हापुराकडे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत असल्यामुळे या नगराचा शोध विद्वानांना महत्त्वाचा वाटत होता. अखेर जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली तगर म्हणजे तेर ही ओळख सप्रमाण मांडली आणि ती मान्य झाली.

नकाशा समोर असला की विद्यार्थी स्वतः बरेच काही करू शकतात. जुन्नर पैठणच्या पश्चिमेस आहे, दौलताबाद उत्तरेस आहे. म्हणजे दोन नावे गळतात. उरलेल्यांत तेर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर येते. दहा दिवसांत गाडीबैलाने रोज पंधरा किलोमीटर, हे कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला पटण्याजोगे. मात्र तेर पैठणच्या पूर्वेस नाही, आग्नेयेस आहे आणि तेही दक्षिणेकडे बरेच झुकलेले. मग ग्रीक व्यापाऱ्याने दिशा चुकीची दिली, की त्याला ती दुसऱ्याकडून कळली होती, की तो ज्या रस्त्याने माल येत असे त्या रस्त्याची दिशा सांगत होता? या प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही गाइडात नाही आणि म्हणूनच तो वर्गात विचारण्याजोगा आहे. इतिहास हा पुराव्याच्या त्रुटीसह वाचावा लागतो, हे सांगण्यासाठी वेगळी स्लाइड लागत नाही.

दुसऱ्या स्लाइडवर दोन छायाचित्रे शेजारी असावीत. एक तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे. ती गावातील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. दुसरे इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेचे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ती प्रतिमा त्याआधी तेथे पोहोचलेली असणार, हे कालनिर्णयाचे सुंदर उदाहरण आहे. दोन्ही प्रतिमांतील केशरचना, दागिने, उभे राहण्याची ढब यांतील साम्य-भेद विद्यार्थ्यांनी शोधावेत. पॉम्पेईच्या प्रतिमेला प्रथम लक्ष्मी म्हटले गेले आणि ते नाव अजून सर्रास वापरात आहे; पुढील अभ्यासकांचा कल मात्र तिला यक्षी मानण्याकडे आहे. तेव्हा स्लाइडला 'पॉम्पेईची लक्ष्मी' असा मथळा दिला की चर्चा सुरू होण्याआधीच तिचा निकाल लागतो. मथळा हा सुद्धा निष्कर्षच असतो. साच्यातली मथळ्याची चौकट रिकामी दिसली तर ती भरलीच पाहिजे असा नियम नाही.

तिसरी स्लाइड तेरच्या त्रिविक्रम मंदिराची. विटांनी बांधलेले, मागील बाजू गजपृष्ठासारखी गोलावलेली ही वास्तू मुळात बौद्ध चैत्य असावी असे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांबाबतही असाच प्रश्न आहे. जेम्स बर्जेस यांनी १८७८ च्या आपल्या वृत्तान्तात त्यांची नोंद घेतल्यापासून त्यांचे मूळ बौद्ध की जैन ही चर्चा चालत आली आहे. जमिनीचा आराखडा, स्तंभांची मांडणी आणि गाभाऱ्यातील मूर्ती यांची चित्रे दिली तर पदवीच्या वर्गालाही दोन्ही बाजू मांडता येतात. श्रद्धेच्या जागेविषयी बोलताना अध्यापकांना संकोच वाटतो, हे समजण्यासारखे आहे. तथापि अध्यापकाने निकाल सांगण्यापेक्षा आराखडा दाखविणे हे या बाबतीतही अधिक सुरक्षित आणि अधिक शास्त्रीय आहे.

तीन स्लाइड, एक तास. बा. ना. चापेकर यांचा १९५८ च्या तेर उत्खननावरील अहवाल ग्रंथालयातून काढून टेबलावर ठेवता आला तर चौथ्या स्लाइडची गरज नाही.

अन्य विषयांतील दोन नोंदी

हे केवळ इतिहासाला लागू आहे असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने किल्लारीबरोबर आजच्या उमरगा व लोहारा तालुक्यांतील गावेही उद्ध्वस्त केली. सास्तूरचे नाव त्या संदर्भात सर्वांना माहीत आहे. भूगोलाच्या तासाला 'भूकंपाची कारणे' आणि 'भूकंपाचे परिणाम' अशा दोन स्लाइड दाखविल्या जातात आणि त्या चिली देशातही जशाच्या तशा चालतील. त्याऐवजी दोन नकाशे दाखवावेत. १९९३ पूर्वी प्रमाण मानल्या जाणाऱ्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ साली भारतीय मानक ब्यूरोने मानक सुधारले तेव्हा ते पहिले क्षेत्रच रद्द केले आणि किल्लारीचा परिसर वरच्या क्षेत्रात गेला. दख्खनचे पठार स्थिर आहे या विधानाचे काय झाले, हा प्रश्न मग विद्यार्थीच विचारतात. ज्यांच्या घरात त्या पहाटेच्या आठवणी आहेत, त्यांना नकाशावरचा रंग बदलणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

मराठीच्या तासाची स्थिती जरा चिंताजनक आहे. 'संत गोरोबांच्या अभंगांची वैशिष्ट्ये' या मथळ्याखाली पाच मुद्दे दिसतात आणि कित्येकदा संपूर्ण तासात एकही अभंग पूर्ण वाचला जात नाही. ज्या गावात गोरोबाकाकांची समाधी आहे त्या गावापासून काही कोसांवर हे घडावे, याचे वैषम्य वाटते. पडद्यावर एकच अभंग, मोठ्या अक्षरांत, आणि शेजारी दुसऱ्या गाथेतील त्याचाच पाठ एवढे पुरे आहे. शब्द कोठे बदलला, का बदलला असेल, कोणता पाठ चालीत बसतो, हे विचारले की पाठचिकित्सा सुरू होते. परंपरेतील कथेप्रमाणे गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते ओळखले. त्यासाठी प्रत्येकापाशी जावे लागले. दिवे मालवून पडद्याकडे तोंड केलेल्या अध्यापकाला वर्गातली मडकी दिसतही नाहीत, हे या निमित्ताने नोंदवावेसे वाटते.

चित्र आणि बोल

रिचर्ड मेयर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या बहुमाध्यमी अध्ययनावरील ग्रंथात प्रयोगांच्या आधारे एक तत्त्व मांडले आहे. चित्र आणि निवेदन यांच्या जोडीला तेच निवेदन लिखित स्वरूपातही दाखविले तर आकलन वाढण्याऐवजी घटू शकते. कारण डोळे चित्र सोडून अक्षरांकडे जातात आणि एकच मजकूर वाचणे व ऐकणे यांत लक्ष विभागते. अपरिचित पारिभाषिक शब्द किंवा परकी भाषा असेल तेथे या तत्त्वाला अपवाद आहेत, आणि इंग्रजी परिभाषा प्रथमच ऐकणाऱ्या आपल्या विज्ञानाच्या वर्गांसाठी ते अपवाद महत्त्वाचे आहेत. परंतु मराठीतील वाक्य पडद्यावर दाखवून तेच मोठ्याने वाचणे, ही जी सर्वाधिक रूढ पद्धत, तिला मेयर यांच्याकडून आधार मिळत नाही.

याचा आदर्श परदेशातून आणण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने जोपासलेली चित्रकथी परंपरा पाहावी. कागदावर रंगविलेल्या चित्रांची पोथी असते. कलावंत एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने कथा गातो, बोलतो. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या पोथीतील चित्रावर मुद्दे लिहिलेले नसतात. चित्र प्रसंग दाखविते, बोल त्याचा अर्थ लावतात, आणि पुढचे चित्र केव्हा उचलायचे ते श्रोत्यांकडे पाहून ठरते. सादरीकरणाचे शास्त्र म्हणून आज जे शिकविले जाते त्याचा मोठा भाग येथे होता.

ऑनलाइन असण्याचा अर्थ

येथवरची टीका कोणत्याही सादरीकरणाला लागू पडते. मग ऑनलाइन साधनांत नवे काय? बहुसंख्य अध्यापक ऑनलाइन साधन जुन्या पॉवरपॉइंटसारखेच वापरतात. घरी बनवितात, वर्गात दाखवितात. त्याचे खरे वैशिष्ट्य असे की एकाच सादरीकरणावर अनेकांना एकाच वेळी काम करता येते. तेरच्या पाठात प्रत्येक गटाला एक रिकामी स्लाइड देऊन आपल्या गावातील वीरगळ, बारव, जुन्या वाड्यावरील लेख यांचे छायाचित्र, ठिकाण आणि तारीख घालावयास सांगता येते. आठ तालुक्यांतील साठ विद्यार्थ्यांनी भरलेले असे सादरीकरण हा अध्यापकाच्या मुद्द्यांपेक्षा किती तरी मोलाचा ऐवज ठरेल. त्यासाठी प्रत्येकाजवळ संगणक हवा असेही नाही. वर्गातील निम्म्या मुलांकडे असलेले मोबाइल पुरतात.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण अनेकदा दिले जाते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील या शिक्षकांना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याचा त्यांचा उपक्रम गाजला आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनीही तो स्वीकारला. त्याचे कौतुक तंत्रज्ञान म्हणून होते. पण त्यातली लक्षणीय बाब अशी की मध्यभागी छापील पुस्तकच राहिले. विद्यार्थी पुस्तकातून बाहेर पडतो, ध्वनी किंवा चित्र पाहतो आणि पुस्तकात परततो. महाविद्यालयीन सादरीकरणात पुस्तक अनेकदा वर्गात आणलेलेही नसते.

देवनागरीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत केलेले साहित्य ऑनलाइन साधनात चढविले की निरर्थक रोमन चिन्हे उमटतात, कारण त्या टंकांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली होती. युनिकोडमुळे ती अडचण संपली. दुसरी मात्र उरली आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ही मराठी वळणे प्रमाण ठरविली. काही देवनागरी टंकांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात, आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदविली नसेल तर हिंदी वळण उमटते. अनेक साधनांत ती नोंद करण्याची सोय शोधावी लागते. मराठीच्या विभागाने तरी आपल्या स्लाइडवरचा ल कोणता आहे ते पाहावे. बाब बारीक आहे, पण लिपीचे शिक्षण असेच डोळ्यांतून होत असते.

२०२३ पासून आणखी एक बदल झाला आहे. एका ओळीची सूचना दिली असता दहा-बारा स्लाइडचे सचित्र सादरीकरण काही मिनिटांत तयार करून देणाऱ्या सोयी या साधनांत आल्या. 'सातवाहनकालीन व्यापार' असे लिहावे आणि मुद्दे हजर. विद्यार्थ्यालाही ते तितकेच सहज मिळतात. म्हणजे मुद्द्यांचे सादरीकरण हेच ज्या अध्यापकाचे काम, त्याच्या तासाला बसण्याचे कारण आता विद्यार्थ्यापाशी उरलेले नाही. तेरच्या संग्रहालयात परवानगी घेऊन स्वतः काढलेले छायाचित्र, गावातल्या बारवेच्या पायऱ्या मोजून केलेली नोंद, दोन गाथांतील पाठभेद या गोष्टी अद्याप माणसालाच जाऊन आणाव्या लागतात.

जतनाचा प्रश्न

ऑनलाइन ठेवलेली वस्तू कायम राहते असा एक समज आहे. फ्लॅश हे तंत्र २०२० च्या अखेरीस बंद झाले तेव्हा त्यावर आधारलेली असंख्य शैक्षणिक साधने चालेनाशी झाली. टाळेबंदीत अनेक वर्गांनी फळा म्हणून वापरलेले गूगलचे जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद करण्यात आले. याहून साधा धोका घरचाच आहे. सादरीकरण अध्यापकाच्या व्यक्तिगत खात्यावर असते; अध्यापक निवृत्त झाले, बदलून गेले किंवा संकेतशब्द विसरले की विभागाच्या अहवालातील दुवा उघडत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक सत्राच्या शेवटी सादरीकरणाची पीडीएफ प्रत काढून ग्रंथालयाकडे द्यावी आणि पुस्तकाप्रमाणेच तिची नोंद व्हावी : विषय, अध्यापक, वर्ष, छायाचित्र कोणी व कोठे काढले, नकाशा कोणत्या ग्रंथातून घेतला. शेवटची दोन कलमे आज जवळजवळ कोणत्याच स्लाइडवर नसतात. १९७२ च्या जिल्हा गॅझेटियरमधील नकाशा घेतला तर त्यात लातूर, उदगीर, निलंगा हे भाग उस्मानाबाद जिल्ह्यातच दिसतील, कारण लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. आणि २०२३ पूर्वीच्या स्लाइडवर जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असेच असेल. अशा जुन्या स्लाइड दुरुस्त करण्याच्या भरात नाव खोडून नवे घालू नये, खाली साल लिहावे.